पंचेचाळीस दिवस

शोरूममध्ये गाडीवर लाल कापड टाकलं होतं.
मी आधी कापडच चाचपलं.
पॉलिस्टर. काठ न शिवलेला.
सव्वीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिलेत,
बोटांची खोड जात नाही.

काउंटरवर बिराजदार मॅडम.
बाकीचे चेकनं आलेत, उरलेले दोन लाख कसे देताय?
मी कार्ड पुढं केलं.
त्यांनी कार्ड बघितलं, मग मला,
मग बायकोच्या हातातला नारळ.
कार्डावर दोन टक्के वर पडतील, यमूल साहेब.

कोटेशनच्या पाठीवर आकडे मांडले.
दोन टक्क्यांचे चार हजार.
पॉइंट मिळतील त्यांची किंमत बावीसशे,
तीही त्यांच्याच यादीतला मिक्सर घेतला तर.
म्हणजे अठराशेचा तोटा, उघडा, दिवसाढवळ्या.
कुणा पार्टीनं असा सौदा आणला असता
तर चहा पाजून मीच परत लावलं असतं.

खात्यात आहेत ना पैसे, बायको म्हणाली,
मग हे कशाला?

कशाला ते सांगायचं
तर तिला साखर पेठेतल्या एका ओट्यावर न्यावं लागलं असतं,
जिथं दोन गठ्ठे सुतासाठी
बाप चपला पायरीखाली काढून बसायचा.
सूत पंचेचाळीस दिवसांच्या वायद्यानं मिळायचं,
ज्याला मिळायचं त्याला.
शेठ वही चाळता चाळता विचारायचा,
तुला ओळखतं कोण?
बाप दोन नावं सांगायचा.
मग त्यांनाच घेऊन ये.
मी दहा वर्षांचा, शेजारी,
तराजूच्या पारड्याला चिकटलेला कापूस
नखानं सोलत.

कार्डालाही पंचेचाळीसच दिवस असतात.
हे मी बोललो नाही.
म्हणालो, असू दे गं.

मॅडमनी मशीनमध्ये कार्ड खोचलं.
चार आकडे दाबताना मी दुसरा हात आडवा धरला,
जसा पत्ते खेळताना धरतात.
मशीन थांबलं. जरा विचार केला.
नाही म्हणालं.

फोटोसाठी पुठ्ठ्याची भली मोठी चावी धरून
एक पोरगा मागं ताटकळत होता.
त्यानं ती हळूच फरशीवर टेकवली.

तेवढ्यात फोन.
बाईचा आवाज, आधीच भरून ठेवलेला, अगदी शुद्ध:
आपल्या कार्डावर दोन लाख चार हजार रुपयांचा
व्यवहार होत आहे.
तो आपणच करत असाल तर एक दाबा.
आपण करत नसाल तर दोन दाबा.

इतक्या अदबीनं
आमच्या घरात कुणाला कुणी विचारलं नव्हतं.
नावं सांग म्हणाली नाही.
घेऊन ये म्हणाली नाही.
बोट एकावर होतं, आणि तिथंच राहिलं.
ती पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली.
दाबा ना साहेब, बिराजदार मॅडम म्हणाल्या,
वेळ संपते त्याची.

दाबला.

मग हार, नारळ, चार चाकांखाली चार लिंबं,
पुठ्ठ्याच्या चावीसोबत फोटो,
त्यात माझे डोळे मिटलेले.
आई मागच्या सीटवर. प्लास्टिक काढू दिलं नाही तिनं.
विड्या वळून वळून वाकडी झालेली बोटं
त्या प्लास्टिकवरून फिरवत राहिली, कर्र कर्र,
आणि सात रस्त्याच्या सिग्नलला पुढं वाकून म्हणाली,
अप्पु एंता रा?
कर्ज किती, एवढंच.
किंमत विचारली नाही, रंगाबद्दल काही नाही.

लेदम्मा, म्हणालो. नाही गं.
अगदीच खोटं नव्हतं ते.
अगदीच खरं व्हायला
पुढच्या महिन्याची अठरा तारीख उजाडायची होती.

गाडी दुपारभर दारात उभी होती, एप्रिलच्या उन्हात.
मशीनची पावती डॅशबोर्डवर विसरलेली.
चारला बघतो तर काळी ठिक्कर,
एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.
त्या कागदाला आमचं ऊन चालत नाही.
आकडा नाही, तारीख नाही, सही कुठं केली तेही नाही.
कुठल्या वहीत लावणार हिला?

घडी घातली. पाकिटात ठेवली, कार्डाच्या मागं.
बोटांना काळं लागलं का बघितलं.
नव्हतं लागलं.